तळ्याचा पहिला घास

तळ्यात माणूस असला की तळ्यातलं काही खायचं नाही. आमच्या हाल्लारांता गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं चालायला लागतात तसंच हेही अंगवळणी पडतं. कुणी बुडालं की त्याच दिवशी गावातली सगळी जाळी वर येतात, धुतली जातात आणि होड्यांच्या खोपटांत खुंट्यांवर टांगली जातात. माणूस सापडतो, चर्चच्या मागे मातीत जातो, मग जाळी परत पाण्यात. बहुतेक वेळा आठवडाभरात मिटतं. आमचे पाळकबुवा दरवर्षी एकदा सांगतात की असं बायबलात कुठेही लिहिलेलं नाही. लोक मान डोलावतात आणि घरी येऊन तेच करतात.

यंदा मात्र नोव्हेंबरात गेलेला माणूस फेब्रुवारी उजाडला तरी वर आला नव्हता.

गेला होता तो साइमा तिर्कोनेनचा एकुलता एक मुलगा, आर्वी. बर्फ नुकतं धरलं होतं, काळं, काचेसारखं, खालचं पाणी दिसेल असं. मासेमारांचा म्होरक्या नेस्तोरी त्याला काठावर म्हणालाही होता, "दोन दिवस दम धर की लेका, मासे काय पळून चाललेत?" त्यावर आर्वी हसून म्हणाला, "काका, हे बर्फ तुमचं पोट पेलणार नाही, मला पेलेल." आणि आपली बर्फावरची ढकलगाडी पायाने रेटत निघून गेला. दुपारी ती गाडी भगदाडाच्या कडेला उभी दिसली, वर जाळ्याची टोपली जशीच्या तशी. अख्खं गाव गळ आणि दोर घेऊन तळ ढवळत होतं. मग थंडी अशी कडाडली की भगदाडं पाडावीत तोवर मिटत होती. वर बर्फ पडलं, आणि तळं सपाट पांढरं होऊन गेलं. कुठे शोधणार, कपाळ?

साइमाला एकच गोष्ट खात होती. तिचा नवरा लढाईत गेला, पण घरी आला. भर उन्हाळ्यात पेटीतून का होईना, आगगाडीने आणि मग घोडागाडीने त्याला आणला गावाने, आणि चर्चच्या मागे दगडाखाली ठेवला. आमची माणसं रणातसुद्धा आपला मेलेला माणूस टाकून येत नाहीत. आणि हा पोरगा घरासमोरच्या पाण्यात, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यात, आणि त्याला मूठभर माती नाही. नवऱ्याच्या दगडाशेजारची जागा मोकळी होती. ती स्वतःसाठी राखलेली जागा तिने मनातल्या मनात मुलाला देऊन टाकली होती.

घरात दोघीच उरल्या, साइमा आणि सून इर्या. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. इर्या रोज सकाळी गुरांचं आवरलं की पहार खांद्यावर टाकायची, लांब काठीला बांधलेला आकडा घ्यायची आणि तळ्यावर जायची. बर्फ आता हातभर जाड झालेलं. त्यात एकटी बाई भोक पाडणार, आकडा खाली सोडणार, चाचपणार, पुढे दहा पावलांवर दुसरं भोक. जेवायच्या वेळी परत यायची, हात लाकूड झालेले. साइमा टेबलावर तीन ताटल्या मांडायची, आर्वीची खिडकीकडची, आणि दोघी मुकाट्याने बटाटे खायच्या. तिसरी ताटली साइमा नंतर धुवायची, नसली खरकटी तरी.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे मादेचा महिना. मादे हा तळाचा मासा, चपट्या डोक्याचा, हनुवटीला एकच मिशी, दिसायला असा की पाहुणा ताटावरून उठावा. पण ऐन थंडीत बर्फाखाली त्याची वीण असते, गाबोळी भरलेली असते, कलेजी लोण्यासारखी. त्या एका महिन्याच्या मादेवर गावातली निम्मी घरं उन्हाळ्यापर्यंत तग धरतात. आणि तो तळाशी राहतो आणि तळाशी मिळेल ते खातो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर तो नियम. उगाच देवाधर्माचं नाव कशाला घ्या.

एका दुपारी शेजारची हुल्दा आली. हुल्दाची जीभ म्हणजे कात्री, पण कॉफी प्यायला तिच्याइतकं चांगलं माणूस नाही. तिने पदराआडून आणावं तशी शालीतून एक बरणी काढली.

"घे. खारवलेली हेरिंग. दुकानातली," ती म्हणाली. "समुद्राचा मासा, आणि तोही कुणी दुसऱ्याने धरलेला! तळ्याच्या काठी जन्म काढला आणि म्हातारपणी बरणीतलं खातेय. माझा बाप थडग्यात कूस बदलत असेल."

"मग कशाला आणलीस? तुलाच राहू दे की."

"अगं, आम्हाला वीट आलाय तिचा! डिसेंबरापासून तेच. सकाळी हेरिंग, रात्री हेरिंग. नवरा म्हणतो, आता मी पोहायलाच लागेन. त्या नेस्तोरीकडे तर तेही नाही, त्याने घोडा विकला ना मागच्या..." आणि हुल्दाने जीभ चावली. एवढी फटकळ बाई, पण कपाभर कॉफीकडे बघत बसली.

"नेस्तोरीने घोडा विकला?"

"मी काही बोलले नाही."

"हुल्दा."

"विकला. कडबा नव्हता, मासा नव्हता, करतो काय? अन् हे बघ, कुणी एक अक्षर बोललेलं नाही हो. तुझ्याबद्दल तर नाहीच. कुणाची छाती आहे?"

हुल्दा गेल्यावर साइमा चुलीपुढे बसून राहिली. आतापर्यंत दारात येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे तिने दया म्हणून पाहिलं होतं: कुणाचा पाव, कुणाचं लोणी, कुणी फोडून रचून ठेवलेली लाकडं. आता तिला कळलं की ज्यांच्याकडे नाही ते देत होते. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. लोकांचा, स्वतःचा, आर्वीचासुद्धा. दोन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं? हा शब्द मनात आला आणि ती तिथेच, हातात चिमटा धरून, मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी ती नेस्तोरीकडे गेली. तबेल्याचं दार उघडं होतं, आत गवताचा वास आणि रिकामी गव्हाण. नेस्तोरी खोपटात एका जाळ्याला गाठी मारत बसला होता. ज्या जाळ्याला तीन महिन्यांत पाणी लागलं नाही त्याला डागडुजी कसली लागणार? पण बिचारा करत होता.

"नेस्तोरी, हे किती दिवस चालणार?"

"काय?"

"सोंग करू नकोस. जाळी."

तो बराच वेळ गाठ ओढत राहिला. "तू सांगशील तोवर."

"मी सांगेन? अरे, मी कोण सांगणार? मला वाटलं हा गावाचा नियम. तुम्हीच थांबलायत त्याच्यासाठी."

"नियम गावाचा. पण तो मोडायचा हक्क घरच्याचा." नेस्तोरीने पहिल्यांदा वर पाहिलं. "साइमा, तुला खरंच माहीत नाही? बुडालेला सापडला नाही तर त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाने म्हणायचं, जाळं टाका. आणि त्या जाळ्यातला पहिला मासा त्यानेच खायचा, सगळ्यांच्या देखत. मग तळं मोकळं. आम्हाला वाटत होतं तू थांबलीयस. आम्ही कोण तुला घाई करणार?"

बघा आता. आमचे लोक असे! घोडा विकतील, पण तोंड उघडणार नाहीत. साइमा आमच्यात लग्न होऊन आलेली, दूरच्या रानातल्या खेड्यातून, जिथे तळं नाही, नुसती दलदल. चाळीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण चाळीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. आणि वेळ आली तेव्हा प्रत्येकाला वाटलं, तिला माहीत असणारच.

"खाल्ल्यावर काय?" तिने विचारलं.

"चर्चची घंटा वाजते. गेला म्हणून नोंद होते. मग शोधायचं नाही. पुढे सापडला तरी त्याला वर काढायचं नाही, तो तळ्याचा झाला." नेस्तोरीचा आवाज खाली गेला. "म्हणून तर कुणी म्हणत नाही गं."

म्हणजे चर्चच्या मागची ती जागा मोकळीच राहणार. साइमाने खोपटाच्या चौकटीला हात टेकला.

"याआधी कुणी केलंय?"

"माझ्या आजोबांच्या वेळी एका बाईने. नवऱ्यासाठी."

"मग?"

"खाल्लं. अन् बाहेर जाऊन सगळं ओकली. तरी तळं मोकळं झालं म्हणतात." त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "साइमा, नाही म्हणालीस तरी चालेल. वसंतात बर्फ सुटलं की कदाचित वर येईल. आम्ही काढू कसेबसे दिवस."

"कशावर काढशील? तबेल्यातल्या वासावर?" ती म्हणाली आणि निघाली.

आता खरी भीती इर्याची होती. साइमा स्वतःला समजावू शकली असती, निदान तसं तिला वाटत होतं. पण जी पोरगी रोज हातभर बर्फ फोडते, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की आता शोधू नकोस? ती तळ्यावर गेली तेव्हा इर्या गुडघ्यांवर बसून भोकातले बर्फाचे तुकडे झाऱ्याने काढत होती. वारा असा की डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठत होतं.

"आई, तुम्ही कशाला आलात? घसराल ना!"

"इर्या, उठ. बोलायचंय."

"बोला. मी काम करते."

साइमाने सगळं सांगितलं, नेस्तोरीचा घोडा, नियम, पहिला मासा. इर्याचा हात थांबला नाही. झारा भोकात जात होता, येत होता. शेवटी तिने तो बर्फावर आपटला.

"म्हणजे आता याला इथेच टाकायचं?"

"मला तरी कुठे टाकायचंय गं?"

"मग मांडता कशाला रोज त्याची ताटली?" इर्या ओरडली. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा ओरडली. "रोज! मला वाटतं, आईंना अजून वाटतंय तो दारातून आत येणार. आईंना निदान त्याचं काहीतरी आणून द्यावं, बूट, टोपी, काहीतरी. म्हणून मी येते इथे. मला माहितीय तो मेलाय! पहिल्या दिवशीच माहीत होतं. मला थंडी वाजते, आई. माझे हात बघा."

साइमाने हात पाहिले. बोटांची टोकं फाटलेली, नखं काळी.

"मी ताटली तुझ्यासाठी मांडत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, नाही मांडली तर तुला वाटेल सासूने हात झटकले."

मग इर्या बर्फावरच बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. साइमाही तिच्याशेजारी बसली. तिच्या गुडघ्यांना ते मानवलं नाही, पण बसली. आमच्यात कुणी कुणाला मिठी मारत नाही. तिने सुनेचे दोन्ही हात आपल्या कोटाच्या आत, काखेत घेतले आणि ते गरम होईपर्यंत तशाच बसल्या.

"मी नाही खाणार," इर्या शेवटी म्हणाली. "काही करा, माझ्याने होणार नाही."

"तुला कुणी सांगितलंय? एकाने खाल्लं की पुरे."

"तुमच्याने होईल?"

"मला काय माहीत?" साइमा म्हणाली. "चल, उठव मला."

नेस्तोरीने जाळं टाकलं. बर्फात रांगेने भोकं पाडायची, लांब काठीने दोर एका भोकातून दुसऱ्यात ओवायचा, मग त्या दोराने जाळं बर्फाखालून ओढून घ्यायचं; सवयीचं काम, पण त्या दिवशी मदतीला आलेल्या माणसांपैकी कुणी शीळ घातली नाही की कुणी शिवी दिली नाही. दुसऱ्या सकाळी जाळं ओढलं तेव्हा त्यात मादे होते. पहिला जो वर आला तो नेस्तोरीने बादलीत घातला आणि साइमाच्या दारात आणला. चांगला मोठा, गाबोळीने पोट तट्ट फुगलेलं.

"मी साफ करून देतो," नेस्तोरी म्हणाला.

"नको. मीच करणार."

"साइमा, हट्ट करू नकोस. बाईमाणसाने आज..."

"मीच करणार म्हटलं ना! काय असेल ते मला बघू दे. दुसऱ्या कुणी बघून मला सांगितलं नाही असं नको व्हायला."

त्याने टोपी काढली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तिने मासा दाराच्या खिळ्याला अडकवला, मानेभोवती सुरी फिरवली आणि पायमोजा उतरवावा तशी कातडी खाली ओढली. मग फळीवर घेऊन पोट उघडलं. गाबोळी निघाली, पिवळी, ओंजळ भरून. कलेजी निघाली. राहिली ती जठराची पिशवी. साइमाचा हात तिथे थांबला. नको फाडूस, फेकून दे आगीत, असं नेस्तोरीला म्हणावंसं वाटत असणार, पण तो म्हणाला नाही. तिने पिशवी फाडली. आत दोन बोटभर लांबीचे मासे होते, अर्धे विरघळलेले, आणि एक खडा. तिने ते बोटाने पसरून नीट पाहिलं, परत पाहिलं. मग सगळं गोळा करून चुलीत टाकलं आणि हात धुतले, पुन्हा धुतले.

सूप तिने नेहमीसारखंच केलं. बटाटे, कांदा, मसाल्याचे काळे दाणे, मग मासा, शेवटी दूध आणि लोणी आणि वरून वाळवलेला शेपू. नेहमीसारखं करायचं असं तिने ठरवलं होतं. वाईट केलं असतं तर तो आर्वीचा अपमान झाला असता, त्याला हे सूप जिवापाड आवडायचं. टेबलावर यावेळी दोनच ताटल्या होत्या.

दुपारी लोक आले. आत मावतील तेवढे आत, बाकीचे पडवीत. पुरुषांच्या हातांत टोप्या, बायकांच्या हातांत हात. कुणी बसलं नाही. हुल्दासुद्धा गप्प होती, हीच त्या दिवसाची मोठी गोष्ट. पाळकबुवाही आले होते, पण ते मागे, दाराशी उभे राहिले. इर्या चुलीपाशी पाठ करून उभी होती.

साइमा टेबलापाशी बसली. वाडग्यात माशाचा पांढरा तुकडा होता, वर लोण्याचे थेंब तरंगत होते. तिने चमचा भरला. आर्वी, ती मनात म्हणाली, माझ्याने तुला आणवलं नाही रे बाबा. आणि चमचा तोंडात घातला.

तिला वाटलं होतं घास घशात अडकेल. वाटलं होतं त्या जुन्या बाईसारखं बाहेर पळावं लागेल. म्हणून तिने दारापर्यंतची वाट मोकळी ठेवायला सांगितली होती. घास खाली गेला. गरम होता. दूध, लोणी, शेपू. मासा ताजा होता, जिभेवर विरघळणारा. नोव्हेंबरपासून तिने जे काही खाल्लं होतं ते गवतासारखं होतं, आणि आता अचानक तिच्या जिभेला सगळं कळायला लागलं, मीठ, कांदा, मिरीसारखा तिखट दाणा. तिने दुसरा चमचा घेतला. तिसरा. कुणीतरी खोकलं. बाहेर नेस्तोरीचा मुलगा घंटेचा दोर ओढायला चर्चकडे गेला असावा, कारण थोड्या वेळाने घंटा वाजायला लागली, सावकाश, एकेक ठोका, आणि आतल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. साइमाची मान आधीच वाडग्यावर होती. ती खात होती. वाडगं रिकामं झालं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला, आणि लोकांना वाटलं झालं, तळं मोकळं झालं, आता घरी जावं. नेस्तोरीने टोपी डोक्यावर चढवलीही.

"इर्या," साइमा म्हणाली. तिचा चेहरा ओला होता, आणि तो तिने लपवला नाही.

"काय, आई?"

"चांगलं झालंय गं." एवढ्या माणसांसमोर, मुलाच्या घंटेखाली असं म्हणायची तिला इतकी लाज वाटली की तिने डोळे मिटून घेतले. "मला भूक लागलीय. अजून वाढ."

पहिल्या वाडग्याचा नियम होता. दुसऱ्याचा नव्हता, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग इर्याने वाडगं उचललं, चुलीशी गेली, तळातून डाव फिरवून मोठा तुकडा शोधला आणि काठोकाठ भरून सासूपुढे आणून ठेवला.